शेख सरांचा ळ

शेख सरांकडून नवा पासवर्ड हवा असेल तर आधी 'कावळा' म्हणून दाखवावं लागे. 'कावया' म्हटलं की काम तिथेच अडलं.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात दाराशीच त्यांचं टेबल होतं आणि मधल्या सुट्टीत तिथे रांग लागे. पोरगं पुढे येऊन म्हणे, "सर, माहं लॉगिनच होऊन नाई राहिलं." सर कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवत. "होईल. आधी कावळा म्हणा." पाचवीतल्या पोरालाही ते अहो-जाहो करत, त्यामुळे ते बिचारं जास्तच घाबरे. "कावया." "पुन्हा." "काव...या." "जीभ उलटी करा, म्हणजे अर्थ सुलटा होईल. कावळा." मागची रांग खुसखुसू लागे. त्या खुसखुसणाऱ्यांनाही माहीत असे की आपलीही पाळी येणारच आहे. शेवटी एकदाचा कावळा नीट उडाला की सरांची बोटं कीबोर्डवर उतरत.

ज्यांनी वऱ्हाड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया आणि केळीची केयी. मी अमरावतीत राजापेठेत वाढले, आणि माझी आई अजूनही मला फोनवर "गोया घेतल्या का?" असंच विचारते. मी चांदूर रेल्वेच्या शाळेत गणित शिकवायला लागले त्याच आठवड्यात सरांनी मला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत थांबवलं होतं. "मॅडम, वर्तुळ. वर्तुय नव्हे." मी वरवर हसले आणि मनात चिडले. गणितवाल्यांना ळ कशाला लागतो, असंही मनात म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात वर्तुळ म्हणताना माझी जीभ आपोआप जपून वळली, हेही खरं.

सर मराठीचे शिक्षक. घरी उर्दूमिश्रित हिंदी, बाजारात वऱ्हाडी, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की इस्त्री केलेल्या शर्टासारखी मराठी. फाटकाच्या आत त्यांच्या तोंडून कधी कुणी 'मले-तुले' ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील पिंजारी. चांदूरच्या आठवडी बाजारात कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. सर सांगत, "आमच्या घरात कापूस नाकातोंडात जायचा. त्यातून माझी जीभ स्वच्छ राहिली, ही अल्लाची मेहरबानी." बोलताना चेहऱ्यावरची रेष हलत नसे, त्यामुळे हसायचं की नाही ते कळायला वेळ लागे.

शाळेचं ऑनलाइन पोर्टल त्यांच्याकडे आलं ते मात्र त्यांनी स्वतःहून मागून घेतलं म्हणून. संस्थेनं एका वर्षी हुकूम काढला की गुणपत्रिका, हजेरी, बारावीचा परीक्षेचा फॉर्म, सगळं आता ऑनलाइन. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या लॉगिनमधूनच सगळं करायचं. पोर्टल लावून देणारा एक माणूस शाळेत येऊन पालकांना विचारत सगळी माहिती टाइप करून गेला. संगणकाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापकांनी सभेत विचारलं, "कोण बघणार?" आणि आम्ही सगळे एकदम आपापल्या चहाच्या कपात बघू लागलो. शेख सरांनी हात वर केला. "पासवर्ड म्हणजे शुद्धलेखनच की. एक वेलांटी चुकली तर दार उघडत नाही. असा परीक्षक मी आयुष्यभर शोधतोय." त्यांचं वय पाहता आम्हाला हे काही झेपणारं वाटेना, पण आपल्यावरची बला टळली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यांनी ते काम मनापासून केलं. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली की सर खुर्ची फिरवून खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे तोंड करत आणि पोराला म्हणत, "टाका." झालं म्हणेपर्यंत ते मान वळवत नसत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "सर, पाचवीतलं पोर आहे, त्याच्या पासवर्डात काय मोठं गुपित असणार?" ते म्हणाले, "पासवर्ड आणि दुआ, दोन्ही दुसऱ्यानं ऐकायच्या नसतात." मी आपली पुन्हा वह्या तपासायला लागले. माझं टेबल त्यांच्या शेजारीच होतं, कारण त्या खोलीत पंखा चालू असायचा.

ती बोंडअळीची वर्षं होती. कापसाची पऱ्हाटी हिरवीगार दिसायची, बोंडंही लगडलेली असायची, आणि फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी. गावंच्या गावं कामाच्या शोधात पुण्याकडे, सुरतेकडे जायला लागली होती, आणि आमच्या वर्गातली निम्मी मुलं कुणा ना कुणा नातेवाइकाकडे राहून शिकत होती. पालकसभेला आलेले एक म्हातारे आजोबा उभे राहून कळवळून सांगत होते, "बोंडअयीनं सारं खाल्लं जी, पोट्ट्याची फी कुठून आनू?" सर सवयीनं बोलून गेले, "बोंडअळी." आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "अळी म्हना का अयी म्हना सर, खाते तं सारखीच." सभा खो खो हसली. सरही हसले. पण नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी चहाला हातही लावला नाही, आणि मला वाटलं की त्यांना राग आला असावा.

रोशनीचं प्रकरण त्याच वर्षी झालं.

रोशनी बारावीला होती. हुशार, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिला कष्ट पडत. तिचे आईवडील दिवाळीनंतर पुण्याकडे बांधकामावर गेले होते आणि ती चांदूरमध्ये मामाकडे राहत होती. परीक्षेचा फॉर्म पोर्टलवर भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचला खिडकी बंद होणार, आणि ही मुलगी दुपार टळून गेल्यावर दारात येऊन उभी. मामा मोटारसायकल घेऊन मागे व्हरांड्यात. तिला पासवर्ड आठवत नव्हता. बरेच दिवस ती एकटीच घरी मोबाइलवर प्रयत्न करत बसली होती, सांगायची लाज वाटत होती म्हणून.

सरांनी त्या दिवशी तिला कावळा म्हणायला लावलं नाही. सरळ कामाला लागले. पासवर्ड बदलायचे दोन मार्ग होते. एक, नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. नोंदवलेला नंबर तिच्या वडिलांचा होता. रिचार्ज न केल्यामुळे तो केव्हाच बंद पडला होता आणि वडील आता मुकादमाच्या फोनवरून कधीतरी बोलत. दुसरा मार्ग म्हणजे पोर्टल विचारेल त्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी अक्षरांत द्यायचं. प्रश्न आला: आईचे नाव.

"हे तर सोपं आहे," मी म्हटलं. सरांनी शाळेचं जुनं रजिस्टर पाहिलं. मंजुळा. त्यांनी टाइप केलं. Manjula. पडद्यावर लाल अक्षरं आली, उत्तर चुकीचे. सरांनी चष्मा पुसला. मग नावाला 'बाई' जोडून पाहिलं. पुन्हा लाल अक्षरं, आणि खाली एक ओळ: आता एकच संधी शिल्लक, त्यानंतर खाते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहील.

दुसऱ्या दिवसाचा काय उपयोग होता? सरांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडे एक बाई गोड आवाजात सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजत होती. मुख्याध्यापक अमरावतीला बैठकीला गेलेले, त्यांचा फोन बंद. संस्थेच्या कार्यालयात कुणी उचलेना. माझी घरी जायची बडनेऱ्याची पॅसेंजर सुटायची वेळ होत आली होती. मी पर्स आवरून ठेवली होती, पण पाय निघत नव्हता.

मामा दारात आला. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. "नाई होत तं राहू द्या ना सर. तिच्यासाठी धामणगावचं एक ठिकान आलंच आहे. पोरगं दुकानात आहे. मीच तिच्या मायले म्हनलं, का यंदा बारावी होऊन जाऊ दे, मंग पाहू. आता फार्मच नाई भरला तं कायची बारावी?"

 रोशनीनं टेबलाची कड घट्ट धरली. तिच्या बोटांची नखं पांढरी झालेली मला दिसत होती. मला त्या पोर्टलचा, त्या बासरीचा, त्या धामणगावच्या न पाहिलेल्या दुकानदाराचा इतका संताप आला की मी मोठ्यानं म्हटलं, "अगं बाई, आईला फोन तरी लाव! तिनं काय सांगितलंय तिलाच विचार!"

"लावूनच राहिलो ना मॅडम," मामा हातातला फोन दाखवत म्हणाला. "कवाचा मंजुयाले लावून राहिलो. मंजुयाचा फोनच लागत नाई."

"मंजुळा म्हणा," सर म्हणाले.

चाळीस वर्षांची सवय ती. श्वास घ्यावा तसे ते बोलून गेले. आणि बोलल्याबरोबर थांबले. त्यांचा हात तसाच कीबोर्डच्या वर राहिला. त्यांनी हळूच मान वळवून रोशनीकडे पाहिलं, आणि तिनं त्याच क्षणी मान खाली घातली. तिला ते आधीच सुचलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" सरांनी विचारलं.

रोशनीचा आवाज जेमतेम ऐकू आला. "सर, तुमीच तं सांगतलं होतं. आठवीत. निबंधात मी मंजुया लिहिलं होतं, तं तुमी फयावर बोलावलं होतं. मंजुया असं नावच नसते म्हने. मंजुळा लिहायले लावलं होतं, फया भरेपर्यंत."

 सरांना तो दिवस आठवला की नाही, मला कळलं नाही. अशी शेकडो नावं त्यांनी दुरुस्त केली असतील. पण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली, आणि फाटकाच्या आत जे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"बेटा, मले एक सांग. त्या पोर्टलवाल्या मानसानं नावं लिहून घेतली, त्या दिवशी शायेत कोन आलं होतं? तुहा बाप का तुही माय?"

रोशनीनं दचकून वर पाहिलं. "माय आलती."

"अन् नाव कोनं सांगतलं?"

"तिनं सोतानंच सांगतलं. थो मानूस विचारून राहिला होता अन् टाइप करून राहिला होता."

"बाहेरगावचा होता ना थो? मंग त्यानं जसं आयकलं तसंच टाकलं असन." सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. "गावातल्या बाया तुह्या मायले काय म्हनते?"

"मंजुया."

"जोरानं म्हन."

"मंजुया!"

"टाक मंग. तुह्या मायचं नाव आहे, माह्या बापाचं नाई. तूच टाक."

एकच संधी होती. चुकलं असतं तर वर्ष गेलं असतं, आणि वर्षाबरोबर ती मुलगीही. मला 'थांबा' म्हणावंसं वाटत होतं. रजिस्टर खरं की तोंडचा शब्द खरा, याचं उत्तर कोणत्या गणितानं काढायचं? रोशनीनं एकेक अक्षर दाबलं. M, A, N, J, U. तिथे तिचं बोट थबकलं. L कडे गेलं. मी ते पाहिलं आणि सरांनीही पाहिलं. पण सर काही बोलले नाहीत. बोट परत फिरलं आणि Y वर आलं.

गोल चक्र फिरत राहिलं. चांदूरचं नेट म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. सर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते आणि मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मग पडद्यावर हिरवी अक्षरं आली: नवीन पासवर्ड निवडा.

रोशनी तिथेच रडायला लागली. मीही. मामा म्हणाला, "झालं काय जी? झालं?"  सरांनी खुर्ची फिरवली, कडुनिंबाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "टाक बेटा." त्या दिवशी त्यांनी मान वळवायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. फॉर्म गेला तेव्हा पाच वाजायला आले होते. माझी गाडी तर निघूनच गेली होती.

पुढच्या गाडीपर्यंत सर माझ्यासोबत स्टेशनवर येऊन बसले.  मग म्हणाले, "मॅडम, मी पुण्याला शिक्षक व्हायला गेलो तेव्हा पहिल्याच पाठात 'शाया' म्हणालो. सगळा वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, खानसाहेबांची मराठी ऐका. मी खान नाही, शेख आहे, हेसुद्धा सांगायचं सुचलं नाही. त्या वर्षी मी आरशासमोर उभा राहून रोज ळ घोटला. ठरवलं, आपल्या पोरांना असं कुणी हसता कामा नये." रुळांकडे बघत ते पुढे म्हणाले, "म्हणून काय केलं, तर त्या लोकांच्या आधी मीच हसून घेतलं."

मी म्हटलं, "सर, तुम्ही हसत नव्हता, शिकवत होता."

"आईचं नाव?" ते म्हणाले.  दोघंही गाडीची वाट बघत बसलो.

सरांनी त्यानंतर ळ शिकवणं सोडलं, असं कुणी समजू नये. ते सोडणारे नव्हतेच. वर्गात शाळा शाळाच राहिली आणि माझं वर्तुळही वर्तुळच राहिलं. पण पासवर्डच्या रांगेतला कावळा त्या दिवसापासून उडून गेला. पोरं आपली सवयीनं येऊन आधी "कावळा" म्हणत आणि सर म्हणत, "ते राहू द्या. घरी काय म्हणता ते सांगा." एखाद्यानं फारच गोंधळून विचारलं, की सर, मंग बरोबर कोनतं? तर ते म्हणत, "दोन्ही चाव्या खिशात ठेवा. कोणतं कुलूप कधी समोर येईल सांगता येत नाही."

निकाल लागल्यावर रोशनीची आई आली. पुण्याहून आली ती थेट शाळेत, हातात पिशवी आणि पिशवीत घरच्या शेवया. उन्हानं रापलेली, ठेंगणी बाई. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि खास तालीम करून आल्यासारखी म्हणाली, "सर, मी रोशनीची आई. मंजु...ळा." ळ म्हणताना तिला इतके कष्ट पडले की कपाळावर आठी आली. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडले. "या मंजुयाबाई. बसा. तुमी सांगतलं होतं तेच बरोबर होतं." ती बाई एकदम हसली, मोकळी झाली, आणि मग तासभर ती आणि सर पुण्याच्या पाण्यापासून पऱ्हाटीपर्यंत अस्सल वऱ्हाडीत बोलत बसले. आम्ही बाकीचे शेवया कुणाला किती, यावर भांडत होतो.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे अकोल्याला गेले. फोन करत. "पोर्टल कोण बघतं आता?" हा पहिला प्रश्न. मी बघते म्हटल्यावर म्हणाले होते, "खिडकीकडे तोंड करता ना?" मी हो म्हटलं. ते खरंही होतं. पुढच्या हिवाळ्यात छातीचं दुखणं वाढलं आणि ते गेले. मुलाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. फळ्यावर वर्तुळ काढलेलं होतं. ते पूर्ण न करताच मी बाहेर आले आणि व्हरांड्यात रडले.

शोकसभा शाळेच्या संगणक कक्षातच झाली. मुख्याध्यापकांनी लिहून आणलेलं भाषण वाचलं. "क्रूर काळाने आमच्यातून एक ज्ञानतपस्वी हिरावून नेला," वगैरे. मागे गावातली माणसं उभी होती. रोशनी अमरावतीला नर्सिंगला होती, तिला सुट्टी मिळाली नव्हती. तिची आई मात्र आली होती. कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर ती पुढे आली, पदर सावरला आणि सरांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "लय चांगला मानूस होता. कायानं नेला."

काळानं. माझी मान आपोआप दाराशेजारच्या त्यांच्या खुर्चीकडे वळली. माझ्या शेजारच्या दोघींचीही वळली. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत राहिलो, आणि कुणीच तिला दुरुस्त केलं नाही.